अढीतला गॅस

अहो, ऐकलंत का? या ना जरा भिंतीजवळ, मोठ्यांदा बोलायची सोय नाही. काल कोपऱ्यावरच्या बंगल्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं ना, तुम्ही ओटी घेऊन लगेच निघालात आणि खरी मजा नंतर झाली. डाळ छान होती हं, ते कबूल करायलाच हवं. पन्ह्यात वेलदोडा अंमळ जास्तच... तर काय सांगत होते, वहिनींनी आम्हा चौघीजणींना आतल्या खोलीत नेलं. पलंगाखाली अढी! भावाने रत्नागिरीहून पाठवलेला हापूस, भाताच्या पेंढ्यात नीट मांडलेला. आणि म्हणतात कशा, "आमच्याकडे गॅसवर पिकवलेलं कुणी तोंडात घालत नाही बाई. गांधी बझारची बादामी ज्यांना चालते त्यांना चालते."

आता ज्यांना म्हणजे कुणाला, ते माझ्याकडे बघून बोलायची काय गरज होती? आणि बादामी म्हणजे तरी कोण, कर्नाटकातला हापूसच की!

पण देव असतो हो. ती पहिल्या मजल्यावरची मुलगी आली होती, हेसरघट्ट्याच्या बागायती संस्थेत पीएचडी करते ती. एरवी मान वर करून बोलत नाही. ती डाळीचा द्रोण हातात धरून म्हणाली, "मावशी, गॅस तर या आंब्यातही आहे. आंबा तो स्वतःच करतो. पेंढ्यात कोंडून राहतो म्हणून तर अढी पिकते." वहिनींचा हात आंब्यावर होता तो तिथेच राहिला. सासूबाई पदर तोंडाला लावून खोकल्या, पण तो खोकला नव्हता, मी समोरच उभी होते.

मग जिना उतरताना मी त्या पोरीला सोडलं नाही. म्हटलं, नीट सांग. तर हा गॅस म्हणजे इथिलीन हो. फळात मेथिओनीन असतं, त्याचं होतं एसएएम, त्याचं एसीसी आणि एसीसीचं इथिलीन. शेवटच्या दोन पायऱ्यांवर दोन एन्झाइम बसलेत, एसीसी सिंथेज आणि एसीसी ऑक्सिडेज. सगळं अडतं ते सिंथेजपाशी. तिचा जीन जागा होईपर्यंत फळ हिरवंगार, कडक, आंबटढोण. टोमॅटोत तर या जीनचं अख्खं खानदान आहे म्हणे, पण पिकायच्या वेळी दोन नंबर आणि चार नंबर पुढे येतात. आणि एकदा इथिलीन सुटलं की तेच आणखी इथिलीन करायला लावतं, शेजारच्या फळालाही. आपल्या गल्लीत बातमी फिरते ना, तस्संच. पेटीत एक पिकला की बाकीचे मागे राहत नाहीत.

आणि या एसीसीची तर गंमतच. १९५७ मध्येच ते सफरचंदाच्या, नासपतीच्या रसात सापडलं होतं. सगळ्यांनी पाहिलं, कुणी विचारलं नाही, बाई तू इथे काय करतेस? वीस-बावीस वर्षं तशीच गेली. मग १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसला शांग फा यांग यांनी दाखवलं, की इथिलीनचा रस्ता हिच्यावरूनच जातो. ऑक्सिडेजचंही तेच. इंग्लंडात नॉटिंगहॅमला डॉन ग्रियरसनच्या लॅबमध्ये पीटॉम-तेरा नावाचा टोमॅटोचा जीन पडून होता, करतो काय ते कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी तो उलटा करून रोपात घातला, तर इथिलीन घटलं. १९९० ची गोष्ट. तेव्हा कळलं हा कोण ते!

पण खरी चव पुढे आहे. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातच थिओलॉजिस म्हणून एक ग्रीक गृहस्थ, त्यांनी सिंथेजचाच जीन उलटा घातला. टोमॅटो पिकेचनात हो! महिनोन्‌महिने ठेवले, नारिंगीपर्यंत आले, पण लाल नाहीत, मऊ नाहीत, वास म्हणाल तर शून्य. बाहेरून इथिलीन दिल्यावर मात्र व्यवस्थित पिकले. म्हणजे आधी पिकणं आणि मग गॅस असं नव्हेच, गॅसमुळेच पिकणं. इतकी वर्षं वाद घालणाऱ्यांचे चेहरे काय झाले असतील... मला विचाराल तर असला दगडासारखा टोमॅटो सारात काय कामाचा? टिकतो म्हणून कुणी जेवतं का?

हां, तर वहिनींचे मिस्टर. ते मागून आले आणि म्हणाले, "मग बाजारातल्या गॅसवर एवढी ओरड का?" बरं झालं विचारलं. ओरड आहे ती कार्बाइडवर. त्याच्या पुड्या पेटीत ठेवल्या की ओलाव्याने ॲसिटिलीन सुटतो, इथिलीनची नक्कल करतो, आणि सोबत आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश. त्यावर बंदीच आहे. इथिलीन गॅसला मात्र एफएसएसएआयने २०१६ पासून १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिलीय, रायपनिंग चेंबरमध्ये तोच सोडतात. मिस्टर म्हणाले, "ओह, आय सी," आणि चपला शोधायला गेले.

शेवटी पोरीलाच वहिनींची दया आली. म्हणाली, मावशी, तुमच्या हापूसच्या वासावर पुण्याच्या एनसीएलमध्ये विद्या गुप्ता, अशोक गिरी यांच्या चमूने केवढं काम केलंय. त्या वासातला फ्युरेनिऑल घडवणारं एन्झाइमसुद्धा त्यांनी २०१३ मध्ये हापूसमधूनच काढून दाखवलं. पुणे म्हटल्याबरोबर वहिनींची कळी अशी खुलली, की विचारू नका! माहेर सदाशिव पेठेतलं ना.

आणि एक राहिलंच. शेंगदाणासुद्धा यातलाच. उगवत्या दाण्यातून इथिलीन सुटतं आणि झोपलेले दाणे त्याने जागे होतात, हे अमेरिकेत १९६९ मध्ये दाखवलंय. म्हणजे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णापुढे कडलेकाई परिषेत, म्हणजे शेंगांच्या जत्रेत, आपण जे ढीगच्या ढीग बघतो... पण हे वरच्या मजल्यावरच्या अंकलना नका हं सांगू. गेल्या परिषेत घेतलेल्या ओल्या शेंगांना पिशवीतच मोड आले, म्हणून ते अजून बायकोवर चिडलेत, की तूच कुठेतरी पाणी सांडलं असशील.