पाचवा पर्याय

‘शांतता राखा’ ही पाटी प्रत्येक वाचनालयात असते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तिच्या बरोबर खाली पेपरचं टेबल मांडलेलं असतं. पान एक याच्याकडे, पान पाच त्याच्याकडे आणि ज्याच्या वाट्याला निव्वळ जाहिराती आल्या, तो सगळ्यांना विचारत बसतो, “का म्हणते जी पेपर?” मग पेपर काय म्हणतो ते सांगितलं जातं आणि तो चुकीचं कसं म्हणतो तेही.

मुकाट्यानं वाचणं इकडे जरा संशयास्पदच. कोपऱ्यात तासभर कुणी तोंड उघडलं नाही, तर “तब्येत बरी नाही काय गा?” अशी चौकशी होते. धानाचा हंगाम आटोपला की रात्र-रात्र झाडीपट्टीची नाटकं बघणारी ही माणसं. गोष्ट म्हटली की त्यांना शेजारी माणूस लागतो, तोही शक्यतो बोलका.

या बोलक्या वाचनाचं टोक बघायचं तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात जावं. गाव लहान, गोंडांचं. तिथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटांची वहिवाट पाडली. ठराव करण्याआधी विषय समजून घ्यायचा, त्यावर मनसोक्त बोलायचं आणि निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं घ्यायचा. कायद्याचं पुस्तक वकिलाच्या कपाटात शोभेला असतं, असा माझा समज होता. तो इथे मोडला. 2006च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलंय, 1927च्या वन कायद्यात मात्र तो 2017पर्यंत झाड होता. एकाच बांबूच्या या दोन जाती ओळखायच्या तर कुणीतरी नीट वाचायला हवं होतं, आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारून हैराण करायला हवं होतं. मेंढ्याला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी एक. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागे आणि तो वनखात्याच्या हातात. शेवटी 2011मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. त्यात ना कथा ना कविता, कोऱ्या पावत्याच सगळ्या. पण अख्ख्या गावाच्या मालकीचं इतकं मोलाचं पुस्तक मी दुसरं ऐकलेलं नाही.

डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ मात्र इकडच्या प्रत्येक वाचनालयात असावं. गडचिरोलीच्या आदिवासी बायका आणि झाडं यांच्या नात्याचं ते पुस्तक. मोठ्यानं वाचायला घ्यावं, म्हणजे ऐकणाऱ्या बायका मोहाबद्दल, चारोळीबद्दल, तेंदूबद्दल पुस्तकात नसलेल्या चार गोष्टी आणखी सांगतील.

अलीकडे गडचिरोली पोलिसांनी ‘एक गाव, एक वाचनालय’ असा उपक्रम काढलाय. गावकऱ्यांच्या श्रमदानातून दूरच्या गावांतही वाचनालयं उभी राहिली. पोरं तिथे मन लावून वाचतात ते मुख्यतः स्पर्धा परीक्षेची गाईडं. यावर शहरातले रसिक नाक मुरडतात. मुरडोत. कादंबरीवर पेन्सिलीनं खुणा करणारा वाचक गुन्हेगार ठरतो. गाईडात मात्र आधीच्या वाचकाची खूण हाच पुढच्याचा आधार असतो. एकानं ‘ब’ला गोल केलेला असतो, दुसऱ्यानं तो खोडून ‘क’ला, आणि तिसरा समासात विचारतो, ‘काहून?’ तिघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं, पण वाद जुंपलेला असतो.

अशाच एका गाईडातला प्रश्न एका पोरानं पेपरच्या टेबलाकडे बघत मोठ्यानं वाचला. गडचिरोली जिल्हा केव्हा झाला? पोरांनी पटकन 26 ऑगस्ट 1982वर बोट ठेवलं. पेपरवाल्या म्हाताऱ्यांनी पेपर खाली ठेवले. त्याआधी कचेरीच्या एका कागदासाठी चंद्रपूरला किती हेलपाटे पडत आणि शेवटची एसटी चुकली की मुक्काम कुणाच्या ओसरीवर, हे सगळं निघालं. पोरं घड्याळाकडे बघत होती, त्यांचे अजून चाळीसेक प्रश्न बाकी होते.

“पर्याय चारच काहून देते हे पुस्तक?” एका बाबांनी विचारलं. “पाचवा लिव. ‘बाबाले विचारा.’”

पोरानं खरंच लिहिला.