आधी पाडू, मग पुजू

प्रति,
समस्त स्मारकप्रेमी मंडळी,
पुणे शहर



सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. ऐतिहासिक वास्तू जतन करण्याची आपण शोधलेली रीत अगदी अस्सल आहे. बाकीचे लोक जुन्या भिंतीला टेकू देतात, कुजलेली तुळई बदलतात, चुन्याचा गिलावा करतात आणि त्यात वर्षे घालवतात. आपण वास्तूच पाडता आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तिचे स्मारक बांधायला घेता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे सुरू केली, तो बुधवार पेठेतला तात्यासाहेब भिड्यांचा वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पुणे महापालिकेने ताब्यात घेतला आणि रातोरात भुईसपाट केला. हे सारे त्या शाळेच्या सन्मानार्थ घडले, म्हणून निषेधाचा सूर लावायचीही सोय राहिली नाही. स्मारक हवे ही मागणी रास्तच होती. तिच्यासाठी ज्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला त्यांच्या निष्ठेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. प्रश्न एवढाच आहे, की शाळेचा मान राखण्यासाठी शाळेची इमारत नाहीशी करणे भाग होते, हे ठरले कशावरून? आपण दिलेली कारणे मी आदरपूर्वक तपासून पाहिली, त्याचा हा अहवाल.

पहिले कारण, वाडा धोकादायक झाला होता. झाला होताच. वरचा भाग ढासळला होता आणि समोर दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांची अहोरात्र वर्दळ. पण लाकूड, वीट आणि चुना यांचा वाडा असा एकाएकी धोकादायक होत नाही. छप्पर गळू लागते, पाणी भिंतीत मुरते, भिंतीत रुतलेली तुळईची टोके कुजतात, मग तक्तपोशी खचते आणि शेवटी भिंत पोट काढते. ही साखळी तोडायला पावसाळ्याआधी कौले चाळणे, पन्हळी साफ करणे आणि वेळेवर डागडुजी एवढे पुरते. ते दशकानुदशके कोणी केले नाही. म्हणजे आधी दुर्लक्ष करायचे, दुर्लक्षाचे फळ पिकू द्यायचे आणि मग तेच फळ पाडकामाचा पुरावा म्हणून पुढे करायचे. आजोबांना वेळेवर औषध द्यायचे नाही आणि तेराव्याला मात्र गावजेवण घालायचे, असा हा व्यवहार. धोकादायक इमारत सावरता येत नाही असे म्हणावे, तर दाखला पुण्यातच आहे. १८७९ च्या आगीत विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग जळाला होता. लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा यांतून तो पुन्हा उभा केला गेला. जळालेला वाडा त्या काळी वाचू शकला, गळका वाडा आज वाचू शकला नाही. मधल्या काळात बांधकामशास्त्र मागे गेले असेल, असे मला वाटत नाही.

दुसरे कारण न्यायालयाचे. भाडेकरूंशी दावा चालू होता, महापालिकेचे हात बांधलेले होते, मग डागडुजी करणार कोण? हे कारण खरे आहे आणि त्याचे वजन मी मान्य करतो. भाडेकरूही खलनायक नव्हते. भर पेठेतल्या जागेवर त्यांचे पोट होते. दावा सुमारे १३ वर्षे चालला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाचा, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महापालिकेच्या बाजूने लागला. हात मोकळे झाले. मोकळ्या हातांनी पहिले काम कोणते केले, तर जेसीबी लावला. वाडा ताब्यात आल्यावर त्याला जेमतेम एका रात्रीचे आयुष्य मिळाले. पुन्हा कोणी स्थगिती आणेल ही धास्ती समजू शकते. पण तिचा उपाय ताबा घेणे हा होता आणि तो मिळाला होता. त्यानंतर कुंपण घालून, वरचा सैल भाग हाताने उतरवून, जोते आणि तळमजल्याच्या भिंती मोजून-तपासून घेता आल्या असत्या. त्यातली कोणती वीट कोणत्या काळातली हे जाणकारांनी सांगितल्यावर पाडायचे ते पाडता आले असते. १३ वर्षे धीर धरणाऱ्यांना आणखी चार महिने जड झाले नसते.

तिसरे कारण अधिक चतुर आहे. वाड्यात मूळचे काही उरलेच नव्हते, खाली दुकाने झाली होती, भिंती बदलल्या होत्या, शाळेची खोली नेमकी कोणती हेही सांगता येत नव्हते. हे खरे असेल, तर तपासणीची गरज दुप्पट होती. फुल्यांच्या शाळांविषयीची कागदपत्रे आधीच तुटपुंजी. शाळा सुरू झाल्याची तारीख आपण १ जानेवारी १८४८ मानून कार्यक्रम करतो, काही चरित्रकार ऑगस्ट १८४८ सांगतात. जिथे कागद एकमेकांशी भांडतात तिथे जागेची साक्ष मोलाची ठरते, आणि बदल झालेली इमारतही साक्ष देते. थर काढत गेले की कोणता बदल कधीचा हे कळते. आता तो प्रश्न सुटला नाही, फक्त कायमचा बंद झाला. उरलेले मूळ किती होते, याचे उत्तर शोधण्याआधीच आपण ‘काहीच नव्हते’ हे उत्तर प्रत्यक्षात आणून दाखवले.

चौथे कारण सगळ्यांत भारदस्त, आणि त्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते. फुले विचारांचे पुजारी होते, दगडविटांचे नव्हते; भिंतीला कवटाळणे ही मूर्तिपूजाच, असे आपण म्हणता. उत्तम. मग त्या जागी जे बांधायचे ते कशाचे? स्मारकही सिमेंट, सळई आणि दगडाचेच होणार. जुन्या विटेला भाव नाही आणि नव्या फरशीला आहे, हा भेद फुल्यांच्या कोणत्या ग्रंथात सापडतो? जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. दगडचुन्याची किंमत त्यांना आपल्यापेक्षा नेमकी ठाऊक होती. आणि विचारच मोजायचा, तर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मांडलेले म्हणणे मोजा. सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण कोरडे राहते, ही त्यांची तक्रार होती. विचारांचे स्मारक हवे असेल, तर तो हिशेब आधी पुरा करावा लागेल.

यापुढचा मुद्दा कारणांच्या यादीत नाही, पण मला तोच खरा वाटतो. आपल्याकडे वास्तू जपण्याची कसोटी ठरून गेलेली आहे: कोरीव खांब किती, चौक किती, बांधणारा किती मोठा. या कसोटीवर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा दरवेळी पास होतो आणि भिड्यांचा वाडा दरवेळी नापास. नोव्हेंबर १८५२ मध्ये जोतीरावांच्या शिक्षणकार्याबद्दल सरकारतर्फे त्यांचा सत्कार झाला तो विश्रामबाग वाड्यातच. ज्या वाड्यात शाल पांघरली गेली तो आज उभा आहे. ज्या कामासाठी ती पांघरली, ते काम जिथे सुरू झाले तो वाडा आपण गमावला. राजे, सरदार आणि पेशवे यांचा इतिहास स्वतःच्या वाड्यांत घडतो. शूद्रातिशूद्रांचा आणि स्त्रियांचा इतिहास दुसऱ्याने देऊ केलेल्या खोलीत घडतो. त्या खोलीला नक्षी नसते, म्हणून तिला वारशाचा दर्जा मिळता मिळत नाही. कर्मठ पुण्याच्या ऐन मध्यावर, एका ब्राह्मणाच्या वाड्यात, माळ्याच्या घरातले जोडपे मुलींना शिकवते, ही घटना जेवढी मोठी तेवढीच ती जागा साधी होती. तो साधेपणा पाहायला मिळणे हाच इतिहासाचा धडा होता. भव्य स्मारकात गेलेल्या मुलीला फुले थोर होते हे कळेल. त्यांच्या हाताशी साधने किती थोडी होती, हे कसे कळणार?

हे सारे भिडे वाड्यापुरते असते, तर झाले ते झाले म्हणून गप्प बसता आले असते. पण जिल्हा परिषदांच्या जुन्या कौलारू शाळांसाठी याच रीतीला ‘निर्लेखन’ असे सभ्य नाव आहे: डागडुजी रखडते, खोल्या गळतात, अहवाल येतो, निर्लेखनाचा ठराव होतो. त्यातल्या काही खोल्या खरोखर पाडाव्याच लागतात; मुलांच्या डोक्यावर कुजके छप्पर ठेवून वारसा जपा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. म्हणून मागणी अगदी माफक आहे. इमारत धोकादायक ठरवणाऱ्या अहवालातच मागच्या वीस वर्षांत तिच्या दुरुस्तीवर कोणी किती खर्च केला, याचा एक रकाना ठेवा. तो कोरा निघाला तर पाडकामाची परवानगी थांबवा आणि आधी कोऱ्या रकान्याचा जाब विचारा.

आपल्या स्मारकाला माझ्या शुभेच्छा आहेत. ते चांगले व्हावे, मुलींनी भरून जावे. तिथे घटनाक्रमाचा फलक लावालच. त्यावर १८४८ लिहा, शाळा कोणी काढली ते लिहा, वाडा किती वर्षे गळत राहिला तेही लिहा. आणि अखेरच्या ओळीत डिसेंबर २०२३ घालून ‘आम्ही पाडला’ असे स्पष्ट कर्त्यासह कोरा. ‘पडला’ असे लिहून एका कान्याची काटकसर करू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक करदाता