काकांचं अमेरिकेतलं मत

स्लाउ, रविवार

ती. काका आणि सौ. काकू यांना मंजूचा सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोचला. अनारसे शाबूत आहेत, चकल्यांचा चुरा आम्ही दह्यात कालवून संपवतोय. कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत तुमच्या फोनचं उत्तर लिहून टाकते, कारण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.

इथे मत दिलं म्हणून मला कोणी अटक करणार नाहीये. तुमच्या मिलच्या ग्रुपवर आलेला मेसेज अमेरिकेचा. तिथे 1996च्या कायद्याने परदेशी माणसाने राष्ट्रीय निवडणुकीत मत टाकलं तर तुरुंग होऊ शकतो, वर हकालपट्टी. आम्ही पडलो इंग्लंडात. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे व्हिसावर राहणाऱ्या भारतीयालाही थेट पार्लमेंटसाठी मत देता येतं. 4 जुलै 2024ला मी दिलंसुद्धा. शेजारच्या फ्रेंच आजोबांचे इथेच केस पिकले, पण त्यांना तो हक्क नाही. तेव्हापासून माझ्याशी जरा तुटकच वागतात. साहेबाने दीडशे वर्षं आपल्याला विचारलं नाही, त्याची ही वसुली, असं ह्यांचं म्हणणं.

वैताग आहे तो ओळखपत्राचा. 2023पासून फोटो असलेलं कार्ड दाखवावं लागतं. त्यात लंडनच्या म्हाताऱ्यांचा बसपास चालतो आणि विद्यार्थ्यांचा चालत नाही! दोन्हींवर फोटो, दोन्ही एकाच बसमध्ये चालतात. वरच्या मजल्यावरचा नागपूरचा पोरगा पास घेऊन गेला तर त्याला परत पाठवलं. रांगेत त्याच्यापुढच्या आजी मात्र पास दाखवून ऐटीत आत. मी आपला पासपोर्ट नेला होता. आत दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल, काका! तिने मतपत्रिकेवर फुली मारायची, घडी घालून ती पेटीत टाकायची, की झालं. बोटाला शाईसुद्धा लावत नाहीत.

2024मध्येच 13 मेला जालन्याचं मतदान होतं. ग्रुपवर तुम्हा सगळ्यांच्या शाईच्या बोटांचे फोटो आले, माईचंही वाकडं झालेलं बोट होतं त्यात. ऑफिसच्या वॉशरूममध्ये उभी राहून बघितले, मग तोंड धुऊन मीटिंगला गेले. पासपोर्ट भारताचा आहे, 6अचा फॉर्म भरला की जालन्याच्या यादीत नाव लागतं. पण मत द्यायला जातीने हजर राहायचं, पोस्टाने जमत नाही. जाण्यायेण्याच्या तिकिटात तुमच्या मिलची दीड टन सळई सहज येईल.

आता तुमची मागणी. अमेरिकेने जून 2025पासून बाहेरच्या पोलादावर 50 टक्के कर लावला, म्हणून त्यांच्या अध्यक्षाच्या निवडणुकीची एक पेटी जालना एमआयडीसीच्या गेटवर ठेवायची! ज्याला फटका बसतो त्याला मत, हे चहाच्या टपरीवर छान वाटतं. पण फटका चीनलाही बसतो. चीन आणि आपण मिळून मतं टाकली तर अमेरिकनांना विचारायचं कामच उरणार नाही.

मला विचाराल तर जो जिथे राहतो, त्याला तिथे मत असावं. मी इथे कर भरते, आमची ओवी इथल्या शाळेत जाते, कचऱ्याची गाडी आली नाही तर नाक माझंच दाबावं लागतं. मग काका, तुमच्या भट्टीवरची बिहारची पोरं? वर्षानुवर्षं तिथेच राहतात, नळाला पाणी आलं नाही की तुमच्याइतक्याच शिव्या घालतात. त्यांना ना व्हिसा लागतो ना कॉमनवेल्थ. पत्ता बदलल्याचा आठ नंबरचा फॉर्म भरला की नाव जालन्याच्या यादीत. अमेरिकेची पेटी येईपर्यंत तेवढे फॉर्म भरून घ्या. मग नगरसेवक मतं मागायला आधी त्यांच्या खोल्यांवर जाईल आणि तुम्ही ओट्यावर वाट बघत बसाल, हे खरं. पण काकूंना तेवढीच करमणूक.

जाता जाता पिंटूच्या लग्नाचं. मुलीकडचे ‘विचार करून कळवतो’ म्हणाले ना? मग हॉलचा ॲडव्हान्स अजिबात देऊ नका. आणि त्याला सांगा, पहिल्याच भेटीत भंगाराचे भाव सांगत बसू नकोस. काकू म्हणतात, तुम्हीही हेच केलं होतं. पण तेव्हा त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

तुमची,
मंजू