सपाट चमचा

(एकपात्री विनोदी प्रयोग)

पात्र: मेडिकलवाले काका, वय साठीच्या आसपास.
स्थळ: डोंबिवलीतलं मेडिकलचं दुकान. काउंटर, मागे फळ्या. एका फळीवर बाळाच्या पावडर दुधाचे डबे.

(काका फडक्यानं काउंटर पुसतायत. प्रेक्षकांकडे लक्ष जातं.)

या, या! काय देऊ? डोकेदुखीवर आहे, पोटदुखीवर आहे, डोकेदुखीच्या गोळीनं जी पोटदुखी होते तिच्यावरही आहे. केस उगवायचं तेल? (स्वतःच्या टकलावरून हात फिरवत) आहे ना. आम्ही घरी तेच वापरतो. दुकानदाराचं काय, मालाचं कौतुक करणं हाच धंदा.

फक्त (मागे न बघता अंगठ्यानं फळी दाखवत) त्या डब्यांचं कौतुक करायचं नाही. १९९२ चा कायदा आहे. जाहिरात नाही, पोस्टर नाही, फुकट नमुना नाही, एकावर एक नाही, सोबत खुळखुळा नाही. डब्यावर आईचा फोटो नाही, बाळाचाही नाही! साबणावर बाळ चालतं, बिस्किटावर चालतं, बाळाच्या दुधावर बाळ चालत नाही. उलट छापावं लागतं, आईचं दूधच सर्वांत उत्तम. सिगारेटचं पाकीट सोडलं तर अख्ख्या बाजारात हाच एक माल, जो गिऱ्हाइकाला म्हणतो, 'बघा बुवा, मला घेतलंच पाहिजे असं नाही.'

कायदा उगाच नाही झाला. एके काळी गरीब देशांत विक्रेत्या बायका नर्ससारखे पांढरे कपडे घालून बाळंतिणींना फुकट डबे वाटायच्या. डबा संपेपर्यंत बाळाला अंगावर पाजलं जायचं नाही, म्हणून आईचं दूध आटायचं. मग पुढचा डबा विकत. तो परवडायचा नाही, म्हणून पातळ करायचा, आणि पाणी कुठलं, तर मिळेल ते. पोरं दगावली. जगभर ओरड झाली, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नियम केले, अकरा वर्षांनी आपण कायदा केला. शहाणपणाचा कायदा. मी गप्प बसतो.

पण काउंटरच्या त्या बाजूला? (हसून) तिथे हा कायदा पोचलाच नाही!

(शटर अर्धं ओढल्याचा अभिनय. आवाज बदलून, धापा टाकत.)

'काका, थांबा! दोन नंबरचा डबा द्या!'

किती दिवसांचं बाळ?

'बारा.'

मग दोन नंबर कशाला?

'साडेतीन किलोचा आहे हो! आणि नजर काय आहे! हुशार आहे!'

अहो, एक नंबर सहा महिन्यांपर्यंत, दोन त्यानंतर. ते वय आहे, इयत्ता नाही. हुशार पोराला वरच्या वर्गात ढकलायची सोय दुधात नाही.

'बरं, मग एक नंबरमधला सगळ्यात महाग द्या.'

(प्रेक्षकांना) बाप झाल्यावर माणसाची अक्कल आधी पाकिटात जाते. (त्याला) एफएसएसएआयचं मानक स्वस्त डब्याला आणि महाग डब्याला तेच. जे पोटात जायला हवं ते दोन्हींत असतंच. डॉक्टरांनी लिहून दिलंय का?

'नाही. आईनं सांगितलं.'

कोणाच्या?

'...दोघींच्या.'

(कपाळाला हात.) दोन विहिणींचं लग्नात मानपानावर जमलं नाही, बारशाच्या याद्यांवर जमलं नाही, आणि एकमत झालं ते कशावर? पोरीचं दूध पुरत नाही! कशावरून? तर बाळ रडतं.

रडतंच ते! दुसरं काय येतं त्याला? भूक लागली, रडतं. झोप आली, रडतं. आत्या आली, रडतं. पुरतंय की नाही ते रडण्यावरून नाही कळत, लंगोटावरून कळतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय, झालं तर मग! पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दोनेक आठवड्यांत भरून येतं. पण आजीला काय हवं? पहिल्याच दिवशी वाटीभर दूध! अहो, पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात जेमतेम चमचाभर मावतं. वाटी ठेवायची कुठे, पाळण्यात?

आणि त्या पहिल्या दिवशी उतरतो काय? चीक. पिवळा, दाट, बाळाची पहिली लसच म्हणा. काही घरांत अजून म्हणतात, 'जड असतो, काढून टाका.' आणि हीच मंडळी, गवळ्याकडे गाय व्याली की पातेलं घेऊन पहाटे दारात! वेलची घालून खरवस! गाईचा चीक गेला तर हळहळ, सुनेचा गेला तर संस्कार!

(फोन वाजल्याचा अभिनय. कानाला लावून.)

हं, बोला काकू. मध चाटवू? नको, वर्षभर नाही. मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात, तान्ह्याला विषबाधा होते... पाणी? सहा महिने थेंबही नको. आईच्या दुधात शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच आहे. हो, गवळ्यापेक्षा जास्त, पण इथे चालतं... ग्राइप वॉटर? १८५१ मध्ये एका इंग्रजानं काढलं. तेव्हा त्यात दारू असायची. म्हणून तर बाळ शांत झोपायचं! आता नसते, पण डॉक्टर नकोच म्हणतात... गाईचं दूध? वर्षाचं होऊ दे. लोह फार कमी असतं त्यात... उष्टावण? सहा महिने झाले की करा की! मामाला बोलवा, चांदीची वाटी काढा. खीर बोटभर, समारंभापुरती. मग मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व. साखर-मीठ वर्षभर नको... 'मग चव कशी लागणार?' अहो काकू, त्यानं अजून भेळ खाल्लेली नाही! तुलना कशाशी करणार?

(फोन ठेवतो.)

लोकांना डबा दिसतो, चमचा दिसत नाही. परवा एक आजोबा आले. लेक न्यूजर्सीत. तिनं तिकडचा डबा पाठवलेला, तो संपला, म्हणून इकडचा घेतला. पण चमचा तिकडचाच ठेवला. का? 'चांगल्या क्वालिटीचा आहे हो, टाकवत नाही.' आता आपल्याकडे बहुतेक डब्यांत एक चमचा तीस मिलीलिटर पाण्याला. अमेरिकेत बहुधा साठाला एक. म्हणजे चमचाच मोठा! तो इकडच्या हिशेबानं घातला की दूध दुप्पट घट्ट. बाळाला बद्धकोष्ठ, मूत्रपिंडांवर ताण, आणि आजोबा खूश, 'अमेरिकन चमच्यानं बाळसं धरतंय!' ज्या डब्याचा चमचा, त्याच डब्यात. पासपोर्ट दाखवला तरी दुसऱ्यात नाही.

उलट दुसऱ्या एक आजी. डबा तीन आठवडे पुरवतात! 'तीन चमच्यांच्या जागी दोनच घालते. पांढरं दिसतं की!' अहो, चुनाही पांढरा दिसतो! ताक वाढवता येतं, आजी, हे नाही वाढवता येत. बाळाचं पोट भरतं आणि बाळ उपाशी राहतं.

(थांबतो. आवाज खाली आणत.)

माझ्या दुकानात दोन वस्तू लोक हळू आवाजात मागतात. एक कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे. (इकडेतिकडे बघतो.) दुसरी हा डबा. एक मुलगी येते. सव्वीस आठवड्यांची रजा संपली, सकाळची फास्ट लोकल, ऑफिसात दूध काढून ठेवायला जागा कुठली, तर फाइलींची खोली. काढते, बर्फात ठेवून आणते, तरी कमी पडतं. डॉक्टरांनी तपासून हा डबा लिहून दिलाय. पण मागते कशी? (कुजबुजत) 'काका, तो... पेपरात गुंडाळून द्या.'

मी म्हटलं, पोरी, मोठ्यानं माग! चिठ्ठी आहे, गरज आहे. कुणाचं बाळ दिवसांआधी आलेलं असतं, कुणाला औषधं चालू असतात, कुणी बाळ दत्तक घेतलेलं असतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मानवी दुधाची बँक आहे. आशियातली पहिली! डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. तिथे एका आईचं दूध दुसरीच्या बाळाला मिळतं आणि कुणी विचारत नाही, 'तुला का नाही पुरत?' विचारतं कोण? घर!

तेव्हा मी ठरवलंय. (खिशातून औषधाच्या बिलांच्या मागे लिहिलेला कागद काढतो, चष्मा लावतो.) माझं तोंड बंद करणारा कायदा झाला, आता दुसरा हवा. 'बाळंतिणीच्या खोलीतील नातेवाईक (नियमन) विधेयक.'

कलम एक. आत्या, मावशी, काकू, शेजारीण आणि व्हॉट्सॲप यांना 'उत्पादक' समजण्यात येईल.

कलम दोन. 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू होणारे फुकट नमुने वाटण्यास मनाई.

कलम तीन. दुसऱ्याच्या गुटगुटीत बाळाचा फोटो दाखवून तुलना केल्यास मोबाइल जप्त.

कलम चार. भेटीला येताना बाळासाठी डबा आणू नये. डबा आणायचाच तर आईसाठी. पोळीभाजीचा. आणि तो घासून परत न्यावा.

कलम पाच. प्रत्येक नातेवाइकाच्या कपाळावर ठळक अक्षरांत छापावे: 'डॉक्टरांचा सल्ला उत्तम. माझा ऐच्छिक.'

कलम सहा. शिक्षा. (चष्म्यावरून बघत) मूळ कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मी एवढा कठोर नाही. एकच रात्र.

रात्रीचे तीन. गुन्हेगारानं उठावं. हात धुवावेत. वाटी-चमचा उकळावा. पाणी उकळावं. जरा निवू द्यावं, पण गार नाही, कारण पावडर निर्जंतुक नसते, गरम पाण्यानंच जंतू मरतात. आधी पाणी मोजावं, नव्वद. मग पावडर. चमचा सपाट! शीग नाही, दाबून नाही, सुरीच्या पाठीनं सपाट. एक... (बाळाच्या रडण्याचा आवाज काढतो) ...दोन... (आणखी मोठ्यानं) ...हा दुसरा होता की तिसरा? आठवत नाही? ओता! पहिल्यापासून! मग ढवळा, निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. बाळ दोन घोट घेणार आणि झोपणार. उरलेलं? ठेवायचं नाही, फेकायचं! महागडं? फेकायचं! चार वाजले? बाळ उठलं! पाणी उकळा!

(कागदाची घडी घालत) आणि सकाळी त्या गुन्हेगाराला फक्त विचारायचं, 'काय हो, दूध पुरतं का?'

(डोळे अर्धे मिटून, झोकांडी खात, गुन्हेगाराच्या आवाजात)

'दुधाचं तिला विचारा. मला झोप पुरत नाही!'

(अंधार.)