ज्याला रान नाही, त्यानंही यावं

मार्गशीर्ष अमावास्येला भर दुपारी धाराशिव शहरात खायला सुशीला मागाल तर मिळणं मुश्कील. चहासाठीसुद्धा पायपीट होईल. नेहरू चौक, काळा मारुती, देशपांडे स्टँड, जिकडं जावं तिकडं शटर खाली. रोज मिरचीची भजी तळणारी कढई पालथी. मोर्चा नाही, बंद नाही, कुणा पुढाऱ्याची हाक नाही. आज येळवस आहे. शहर रानात गेलंय.

हा सण महाराष्ट्रभर नाही. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि सीमेपलीकडं बीदर, कलबुर्गी, हा त्याचा मुख्य मुलूख. १९५६ साली हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे इकडं आले, कानडी तीन जिल्हे तिकडं गेले. आंबिलीचं मडकं दोन्हीकडं राहिलं. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, तरी येळवसच्या ताटातला एक पदार्थ हलला नाही. सरकारी नकाशा बदलतो, रानातली पंगत तिच्या जागी असते.

शहराचं खरं रूप पाहायचं तर आदल्या दोन दिवसांचा बाजार पाहावा. तुरीच्या हिरव्या शेंगा, ओला हरभरा, वाटाणा, पावटा, घेवडा, मेथी, कांद्याची पात, चुका, गाजर, बोरं, नवी चिंच. गिऱ्हाईक पावशेरानं घेत नाही, पिशव्या भरून नेतं. रात्री गल्लीतल्या निम्म्या घरांत दिवा जळत असतो. भज्जीसाठी शेंगा सोलायच्या, दाणे शिजवायचे, चिंचेचा कोळ काढायचा, डाळीचं पीठ लावून सगळं एकजीव करायचं. बाजरीचे उंडे वाफवायचे. गव्हाची खीर, तिळाची पोळी, धपाटे. ज्वारीच्या पिठाची आंबील ताकात आधीच आंबवून ठेवलेली असते. तिला लसूण-जिऱ्याचा वास सुटला की सगळी आळी जागी होते. या रात्री बाया झोपत नाहीत. सणाचं कौतुक करणाऱ्या पुरुषांनी या जागरणाचा हिशेब आधी मांडावा आणि पुढच्या येळवसला शेंगा सोलायला बसावं. रानात मांडी घालून जेवणं सोपं आहे.

सकाळी ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकली, जे मिळेल त्यावर पाट्या आणि मडकी निघतात. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी असते. तिच्यात पाच दगड मांडतात, ते पांडव. चुना आणि काव लावून त्यांची पूजा होते. मग आंबील आणि भज्जी पिकावर शिंपडायची. पहिला घास रानाला, दुसरा माणसाला. सांजेला कडब्याची पेटती पेंढी घेऊन पिकाभोवती फिरायचं आणि घरी यायचं.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ताटाबाहेर आहे. ज्याला रान नाही, त्याला नेल्याशिवाय येळवस पुरी होत नाही. भाड्यानं राहणारे मास्तर, बदली होऊन आलेले बँकेतले साहेब, वसतिगृहातली पोरं, शेजारचं हातावर पोट असलेलं कुटुंब, सगळ्यांना आमंत्रण. "उद्या आमच्या रानात या बरं का, लेकरं घेऊन," एवढंच ते निमंत्रण. पत्रिका लागत नाही, ओळख लागत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बांधावरून हाक जाते. मुसलमान शेतकऱ्याच्या रानातही पंगत बसते आणि हिंदू शेजारी तिथं जेवून येतो. जात, धर्म, पगार यांवरून माणसं मोजणाऱ्यांनी हा एक दिवस धाराशिवच्या शिवारात काढावा.

२०१८ साली नीती आयोगानं देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात आपला जिल्हा आहे. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आपण. आरोग्य, शिक्षण, पाणी यांत आपण मागं आहोत, हे मान्य केलंच पाहिजे आणि त्यासाठी भांडलंही पाहिजे. पण परक्याला हाक मारून पोटभर जेवू घालण्यात हा जिल्हा कुणाच्या मागं नाही. ती श्रीमंती जपणं तरी पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आणि ती हातची निसटते आहे. भज्जी म्हणजे आपल्या रानाचा ताळेबंद. पूर्वी तिच्यातलं बहुतेक सगळं घरच्या रानातून यायचं, कारण रानात ज्वारीच्या जोडीला हरभरा, करडई, जवस होतं, बांधाला तूर-पावटा होता. मग सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, थेट अडत्याकडं जातं, रोख पैसा देतं. शेतकऱ्यानं ते लावलं यात त्याचा दोष नाही; ज्वारीला नीट भाव मिळाला नाही आणि कडधान्याचा भाव कधी टिकला नाही. पण सोयाबीन भज्जीत पडत नाही, त्याचा कडबाही होत नाही. जिथं पाणी आलं तिथं ऊस आला. आता रान असलेला माणूसही येळवसच्या आदल्या दिवशी बाजारात शेंगा विकत घेताना दिसतो आणि कोपीसाठी पेंढ्या कुणाकडं मिळतील याची चौकशी करतो. ज्या रानाची पूजा करायची, त्या रानातलं ताटात काहीच नसेल, तर पांडवांपुढं आपण नेमकं काय ठेवतो?

दुसरी अडचण शहराच्या कडेला आहे. वेशीबाहेरची रानं एकेक करून अकृषिक होतात, त्यांच्यावर चुन्याच्या रेघा पडतात, प्लॉटचे नंबर लागतात. घरं लागतातच, लोक राहणार कुठं? पण प्लॉट विकून आलेल्या पैशात कोप उभी करता येत नाही. तिसरी गोष्ट आपल्याच हाताची. पंगत उठल्यावर ज्वारीच्या धाटांत प्लास्टिकचे पेले आणि थर्माकोलच्या ताटल्या उडत राहतात. सकाळी ज्या मातीला आंबील शिंपडली, तिच्यावर संध्याकाळी हे टाकून यायचं, ही सरळ सरळ बेइमानी आहे. पितळी, पत्रावळ, द्रोण यांत आपले आजोबा-पणजोबा जेवले. आपलंही पोट भरेल.

म्हणून तीन मागण्या. रान असलेल्यांनी सोयाबीन, ऊस खुशाल घ्यावा, पण रब्बीत चार तासं तरी ज्वारी-हरभऱ्याची आणि बांधाला तूर-पावट्याची ठेवावी, निदान घरच्या भज्जीपुरती. सरकारनं ज्वारी आणि कडधान्याला हमीभाव कागदावर न ठेवता खरेदी केंद्रावर द्यावा. शहरात राहणाऱ्यांनी आमंत्रण आलं तर "सुट्टी नाही" म्हणून टाळू नये; लेकरांना न्यावं, तूर झाडाला कशी लागते ते दाखवावं, येताना आपला कचरा पिशवीत भरून आणावा.

आणि तुमच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं असेल, ज्याला अजून कुणी विचारलेलं नाही, त्याचं दार या मार्गशीर्षात तुम्ही वाजवा.