शेट, गांडुळांचा हिशेब कुठे आहे?

खाणमालक शेट,

नमस्कार मुद्दाम लिहीत नाही. गोव्याच्या डिचोलीत तुमच्यापुढे हात जोडणारे पुष्कळ आहेत. हे पत्र तुमच्या डंपाखाली गाडल्या गेलेल्यांच्या वतीने आहे.

टन, ग्रेड, बार्ज, बोट, सगळ्याचा हिशेब तुम्ही चोख ठेवता. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. एका टनामागे अडीच-तीन टन माती-दगड उपसून बाजूला रचायचा, हा तुमच्या धंद्याचा नेम. तो रचलेला ढिगारा, म्हणजे तुमचा डंप, मिरगाच्या पहिल्या सरींबरोबर कुठे उतरतो, हे मुळगाव, शिरगाव, अडवलपालच्या शेतकऱ्याला विचारा. लाल गाळ भाताच्या खाचरात बसतो, वाळला की त्याचा थर घट्ट होतो, आणि खालच्या मातीला हवा मिळत नाही.

पण गाळ डोळ्यांना दिसतो. त्याच्यासोबत आलेले धातू दिसत नाहीत. आपले खनिज नुसते लोखंडाचे नाही. त्यात मँगनीज आहे, जांभ्यात क्रोमियम आणि निकेलही असते. पाणी साचलेल्या खाचरात प्राणवायू संपला की मँगनीज विरघळते आणि मातीत राहणाऱ्या जिवांच्या अंगाला भिडते. गांडूळ मातीच गिळते आणि कातडीनेच श्वास घेते. ते कुठे पळणार? कॅडमियम, तांब्यासारखे धातू ते एका प्रथिनात बांधून अंगात कोंडून ठेवते. त्यातच त्याचे बळ संपते आणि ते अंड्यांचे कोश कमी घालते. म्हणजे मोठी गांडुळे काही काळ दिसत राहतात, पुढची पिढी मात्र जन्मालाच येत नाही. खोऱ्याखाली दोन गांडुळे सापडली म्हणून माती ठीक आहे असे सांगणाऱ्या तुमच्या तज्ज्ञाला हे ठाऊक असायलाच हवे.

मातीत उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे कीटकासारखे बारीक जीव आहेत. कात टाकताना ते आतड्याचे अस्तरही टाकतात, आणि त्यासोबत साठलेला धातू. म्हणून त्यांच्यातल्या काही जाती तगतात. नाजूक जाती जातात, चिवट तेवढ्या वाढतात. नुसती डोकी मोजली तर आकडा भरलेला दिसेल. किती जाती उरल्या ते मोजा, मग कळेल.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ एव्हनमथ येथे शिसे-जस्त वितळवण्याचा कारखाना होता. त्याच्या आसपासच्या रानात गांडुळे उरली नव्हती आणि झाडांखाली पालापाचोळा न कुजता थरांनी साचत गेला. तो कारखाना होता, आपली खाण आहे. धातूही वेगळे, प्रमाणही वेगळे. पण पान कुजवणारे गेले की पानाचे खत होत नाही, हा नियम इथेही लागू आहे. तुम्ही डंपांवर अकेशिया लावून हिरवळीचे फोटो काढता. त्या झाडांखाली खोरे घाला, शेट. त्या चिवट पानांखाली माती तयार होते आहे का, तेवढे दाखवा.

  

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले की २००७ मध्येच गोव्यातल्या खाणींचे लीज संपले होते आणि त्यानंतरचे खाणकाम बेकायदा होते. २०१८ मध्ये ८८ लीजांची नूतनीकरणे रद्द झाली. आता लिलाव होऊन डिचोलीत पुन्हा यंत्रे फिरू लागली आहेत. जुन्या डंपांचे काय, हा प्रश्न तसाच आहे. खाचर कसणाऱ्याचे नुकसान पंचनाम्यात एका पिकापुरते लिहिले जाते. धातू मात्र कुजत नाहीत. गाळ काढला तरी मातीत बसलेला अंश राहतो.

डिचोलीकरांनो, पुढच्या जनसुनावणीत नुकसानभरपाईच्या आकड्याआधी एक मागणी लेखी द्या: खाणीखालच्या प्रत्येक वाड्यातील शेताची, पावसाआधी आणि पावसानंतर, मातीतल्या जिवांची जातीनिहाय मोजणी आणि धातूंची तपासणी, खर्च खाणमालकाचा, नमुने घेताना शेतकरी हजर, आणि अहवाल ग्रामसभेत मराठी-कोकणीत. ती मिळेपर्यंत खाणीच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.