दोस्तीचा जामीनदार

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सावलीकडच्या कुठल्याही गावात जा, हा गृहस्थ भेटतोच. गळ्यात तुळशीची माळ, पायात झिजलेली स्लीपर, नावावर दीड एकर धानाची जमीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न, "का गा, जेवला का?" दारूचा थेंब कधी चाखलेला नाही. मोहाची भट्टी लागल्याचा नुसता वास आला तरी वाट बदलतो. ग्रामसभेत दारूबंदीच्या ठरावाला पहिला हात याचा. आणि गावातला कोणी दारूच्या केसमध्ये सापडला की जामिनाच्या कागदावर पहिली सहीही याचीच!

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. तेव्हापासून आमच्याकडे पाप-पुण्याचा फैसला वैनगंगेचा पूल करतो. चंद्रपूरकडे, व्याहाडच्या अंगाला डिक्कीतले पव्वे म्हणजे बाजारहाट. पूल ओलांडून गडचिरोलीच्या अंगाला उतरले की तेच पव्वे मुद्देमाल. मग गावात फोन येतो, "भाऊ, दोस्ताले दारूबंदीची कलम पासष्ट ई लागली."

भाऊ जेवत असला तर हात धुऊन उठतो. खुंटीवरची प्लॅस्टिकची पिशवी सदा तयार : सातबारा, घरटॅक्सची पावती, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, तहसीलचा ऐपतीचा दाखला. त्या दीड एकरावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा नाही, पण दोस्तांचा इतका आहे की तो चढवायला सातबाऱ्याला पुरवणी जोडावी लागेल.

ठाण्यातल्या हवालदारालाही आता तो पाठ झाला आहे. "तुमी तर दारूबंदीवाले. मंग याच्यासाठी काहून येता?"

"दारू वाईटच हाय साहेब. तिच्यासाठी कुठी आलो? दोस्तासाठी आलो."

या उत्तरावर गावात दोन तट आहेत. पारावर बसून "यानंच पोरं बिघडवली" म्हणणारा एक. दुसरा तट त्याच माणसांचा, फक्त स्वतःचं पोरगं पकडलं गेलं की तयार होणारा. तेव्हा मात्र सगळ्यांना भाऊचा नंबर तोंडपाठ असतो.

भाऊ हरला तो एकदाच, दोस्ताच्या बायकोपुढे. ती बचतगटाची, बंदीसाठी मोर्चात चाललेली. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊजी, तुमी त्याले सोडवून आनता. त्यो घरी येऊन मले मारते. तुमी कोनाचे दोस्त हा?"

भाऊ काही बोलला नाही. पिशवी खुंटीला अडकवली आणि रात्रभर कूस बदलत राहिला. तिचं खोटं म्हणावं तर जीभ रेटेना, दोस्ताला वाऱ्यावर सोडावं तर घास उतरेना.

तेव्हापासून भाऊच्या जामिनाला उशीर होऊ लागला आहे. कधी तहसीलची लिंक फेल, कधी तलाठी दौऱ्यावर, कधी फोटोच सापडत नाही. आत बसलेला दोस्त सरकारी कारभाराला शिव्या मोजतो. बाहेर वहिनीला दोन रात्री धड झोप मिळते. कोणाचा संशय नको म्हणून तहसीलच्या नावानं सर्वांत मोठ्यानं भाऊच ओरडतो.

मात्र त्या दोन दिवसांत ठाण्यावर दोन्ही वेळचा डबा घेऊन तोच जातो आणि गजांपलीकडे विचारतो, "का गा, जेवला का?" मिरची कमी पडली असं कळलं, तर संध्याकाळच्या डब्यात ठेचा वेगळा बांधून नेतो.